आमच्या रक्ताचा रिपोर्ट गावाच्या ग्रुपवर टाकायला कोणी सांगितलं?

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब, आणि आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचं काम बघणारे सगळे अधिकारी-कर्मचारी

विषय: सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणीतल्या लोकांची नावानिशी यादी गावोगाव फिरवल्याबद्दल, आणि या आजारावरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या फक्त जिल्ह्याच्या रुग्णालयात मिळतील या निर्णयाबद्दल

साहेब, नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. दाखले, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, झेरॉक्स, प्रिंट, दिवसभर हेच काम. गेल्या महिन्यात भर दुपारी बाजूच्या गावचा एक ओळखीचा माणूस आला, मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "भाऊ, हे पीडीएफ काढून दे, पोरासाठी मुली पाहून राहिलो, घरी असलेली बरी." मी फाईल माझ्या नंबरवर घेतली, उघडली. अकरा पानं. गाव, नाव, वय, जात, मोबाईल नंबर आणि शेवटच्या रकान्यात "सिकल पॉझिटिव्ह". चौथ्या पानावर माझं नाव होतं आणि त्याच्या खालच्याच ओळीत माझ्या धाकट्या बहिणीचं. प्रिंटर चालू होता, समोर माणूस उभा होता, मला काही सुचेना. मी त्याला म्हटलं शाई संपली. तो काही बोलला नाही, समोरच्या दुकानात गेला आणि तिथून काढून घेतली.

मग मी चौकशी केली. कळलं ते असं की तालुक्याच्या मीटिंगमध्ये वरून सांगण्यात आलं, तपासणीत जे पॉझिटिव्ह निघाले त्यांच्या गावनिहाय याद्या ग्रामपंचायतींना द्या, लोकांनी लग्न जुळवायच्या आधी बघून घ्यावं, जनजागृती होईल. ग्रामपंचायतीत यादी गेली, तिथून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि ग्रुपवर गेलं की ते कोणाच्या हातात राहत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. ज्यांनी हे ठरवलं त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, सिकलची पोरं जन्माला येऊ नयेत असंच वाटलं असेल. पण साहेब, आशाताई घरी आल्या तेव्हा आम्ही बाही वर करून रक्त दिलं ते उपचारासाठी दिलं. गावाला दाखवायला दिलं नव्हतं.

माझा यात काय संबंध ते सांगतो, म्हणजे मी ऐकीव बोलतोय असं वाटायला नको.

आमचे आईबाबा दोघंही वाहक, म्हणजे एएस, दोनपैकी एकच जीन सिकलचा. हे त्यांना तीन पोरं होईपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या आधी एक भाऊ होता, दीड वर्षाचा असताना दोन दिवसांच्या तापात गेला. तेव्हा कोणी तपासलं नाही, त्यामुळे त्याला सिकल होता की नाही हे आता कधीच कळणार नाही, पण सिकलच्या लेकरात प्लीहा (पोटातला, जंतूंशी लढणारा अवयव) लवकर निकामी होते आणि साधा दिसणारा ताप जीव घेऊ शकतो हे वाचल्यापासून आई त्याच्याबद्दल बोलताना मधेच थांबते. मी एएस, मला काही त्रास नाही. बहीण एसएस, म्हणजे दोन्ही जीन सिकलचे, तिला आजार आहे. पाच वर्षांची असताना हातापायाची बोटं सुजून यायची, डोळे पिवळे, सगळे म्हणायचे कावीळ आहे, झाडपाला झाला, अंगारे झाले, मग एका डॉक्टरांनी रक्त पाठवलं तेव्हा कळलं. आता ती १९ वर्षांची आहे, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला. खुब्याच्या हाडाला रक्त नीट न पोचल्यानं एक पाय थोडा ओढत चालते.

क्रायसिस, म्हणजे सिकलमध्ये एकदम उठणारं भयंकर दुखणं, काय असतो ते बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे धानाची शेती. मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत माणूस मिळेना म्हणून ती आईला मदत करायला बांधीत उतरली, गुडघाभर थंड चिखल, वरून पाऊस, तासभरही नसेल झाला. रात्री अकराला सुरू झालं. आधी मांड्या, मग कंबर, मग छातीत. ती ओरडत नव्हती, ओरडायची ताकदच नव्हती, फक्त उशी दातात धरून म्हणत होती, "दादा, हाडं कोणी कुटून रायलं." आम्ही तिला बंडीत घालून रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून अॅम्ब्युलन्स. पाच दिवस अॅडमिट, दोन पिशव्या रक्त, त्यातली एक मीच दिली, माझा ग्रुप जुळतो, वाहकाचं रक्त सिकलच्या पेशंटला सहसा देत नाहीत, मी एएस आहे हे तिथल्या लोकांना माहीत होतं पण दुसरा डोनर नव्हता.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की "जनजागृती" हा शब्द तुमच्या मीटिंगमध्ये आणि आमच्या घरात एकाच अर्थानं ऐकू येत नाही.

आता यादीनं काय केलं ते बघा.

माझी मामेबहीण एएस आहे. तिचं साक्षगंध झालेलं, पत्रिका छापायला टाकायच्या होत्या. यादी फिरली आणि चौथ्या दिवशी मुलाकडून फोन आला, राहू द्या म्हणाले. मामा माझ्याकडे आला, म्हणाला तुला यातलं कळतं, चल. आम्ही दोघं गेलो त्यांच्याकडे. मुलाचा रिपोर्ट मी स्वतः बघितला, एचपीएलसीचा (रक्तात कुठलं हिमोग्लोबिन किती ते मोजणारी पक्की तपासणी), स्वच्छ एए, म्हणजे दोन्ही जीन चांगले. मी कागदावर चार घरं काढून त्यांना समजावलं की आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन जीन येतात, सिकलचा आजार व्हायला दोन्ही बिघडलेले लागतात, दोन्ही सिकलचे किंवा एक सिकलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियासारखा, तुमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये असा एकही नाही, म्हणजे यांच्या पोराला सिकलसेलचा आजार होणारच नाही, फार तर निम्मी शक्यता की ते आईसारखं वाहक असेल आणि वाहक म्हणजे धडधाकट माणूस. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकलं, चहा दिला, आणि शेवटी म्हणाले, "तुमचं बरोबर असेल बाबू, पण सरकारी यादीत नाव हाय ना." माझ्या चार घरांपेक्षा तुमचा शिक्का मोठा निघाला. पोरगी आता घराबाहेर पडत नाही.

म्हणजे जे लग्न पूर्ण सुरक्षित होतं तेच मोडलं. आणि ज्या घरांतले दोघंही अजून तपासलेलेच नाहीत त्यांची लग्नं निवांत चालू आहेत, कारण यादीत नाव नाही म्हणजे निगेटिव्ह असा लोकांनी अर्थ लावलाय. हे मी माझ्या दुकानात रोज ऐकतो. तपासणी न झालेला माणूसही यादीत नसतो, हे त्या अकरा पानांवर कुठंही लिहिलेलं नाही.

दुसरं, यादीतल्या "पॉझिटिव्ह" या शब्दाचा अर्थ काय? गावात झाली ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीत रक्ताचा थेंब टाकला आणि पाणी गढूळ होऊन मागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. ती टेस्ट स्वस्त आहे, पटकन होते, शिबिरात तीच करावी लागते हे मान्य. पण ती एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन आहे. माणूस एएस आहे की एसएस हे ती सांगू शकत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती टेस्ट चुकू शकते, कारण तेव्हा अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तरी रिझल्टवर भरवसा नसतो. म्हणजे पहिल्या पायरीचा निकाल घेऊन तुम्ही लोकांना सिकलचा पेशंट म्हणून गावात जाहीर केलं. माझं आणि माझ्या बहिणीचं नाव खालीवर आहे, दोघांपुढे तोच शब्द. मी पन्नास किलोचं पोतं उचलतो, ती जिना चढताना दोनदा थांबते. आम्ही दोघं एकाच रकान्यात कसे?

आणि जात कशाला लिहिली? यादीमुळे आता "हा त्या लोकांचा आजार" असं बोलायला लोकांना कागद मिळाला. विदर्भात सिकल गोंड, माडिया, परधान यांच्यात आहे तसाच अनुसूचित जातींत आहे, ओबीसींतही आहे. भारतात तो पहिल्यांदा १९५२ साली नोंदला गेला तो निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये, तेव्हापासून हा आदिवासींचाच असा समज बसला. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत आहे. जिथं जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरियानं माणसं मारली तिथं तिथं आहे. अँथनी अॅलिसन नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवलं की ज्याच्याकडे सिकलचा एकच जीन आहे त्याला जीवघेण्या मलेरियापासून चांगलंच संरक्षण मिळतं. म्हणजे आमचे आजे-पणजे या जंगलात, या डासांत टिकले त्यात या जीनचा वाटा आहे. महाराष्ट्रात मलेरिया म्हटलं की आजही पहिल्यांदा गडचिरोलीच आठवतो. ज्या गोष्टीनं आमच्या लोकांना जगवलं तिला तुम्ही आमच्या नावापुढे कलंकासारखं लावलं, हे मला सहन होत नाही साहेब.

जीनमधला बदल म्हणजे काय फार मोठा दोष असतो असं गावात वाटतं म्हणून मी लोकांना असं सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत साधारण ३०० कोटी अक्षरांची पोथी आहे. सिकलमध्ये त्यातलं एक अक्षर बदललेलं आहे, अकराव्या क्रोमोसोमवर बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये "ए"च्या जागी "टी", बास. त्या एका अक्षरानं हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक अॅसिड जाऊन व्हॅलिन येतं, मग ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून लांब दोरे बनतात, रक्तातली गोल मऊ लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक नसांत अडकते, आणि १२० दिवस जगायची ती १०-२० दिवसांत फुटते. म्हणून दुखणं, म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. आणि असे अक्षरांचे बदल सगळ्यांमध्येच असतात. शास्त्रज्ञांनी तुलनेसाठी जो नमुना जीनोम ठेवलाय त्याच्याशी कोणाही माणसाचा जीनोम ताडला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडतो. बहुतेकांनी काहीच होत नाही, काहींनी डोळ्यांचा रंग ठरतो, उंचीत थोडा फरक पडतो, आणि काही असे असतात की दोन जुळले तरच आजार. असा कुठला ना कुठला जीन जवळपास प्रत्येकाकडे असतो. तुमच्याकडे असेल, सरपंचांकडे असेल, माझ्याकडून प्रिंट मागणाऱ्या त्या माणसाकडेही असेल. त्यांची टेस्ट झाली नाही, आमची झाली. यादी मात्र फक्त आमची निघाली.

एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याचा रिपोर्ट जाहीर करता येत नाही. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून निकाल दिला. जीनच्या रिपोर्टसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. म्हणून काय झालं, जो नियम एचआयव्हीला लागतो तो माणुसकी म्हणून तरी सिकलला लावायला हवा होता. उलट इथं तर एका माणसाचा रिपोर्ट फुटला की त्याच्या आईबापांचा, भावाबहिणींचा, पोरांचाही अर्धा फुटतो. एसएस म्हटलं की आई आणि बाप दोघंही सिकलचा जीन बाळगून आहेत हे कोणीही सांगू शकतं. त्यांना कोणी विचारलं?

आता गोळ्यांचं. हा मुद्दा मला यादीपेक्षाही जास्त जाळतो.

हायड्रॉक्सीयुरिया आधी ग्रामीण रुग्णालयात मिळायची, आमच्या गावापासून १२ किलोमीटर. आता सांगतात फक्त जिल्ह्याला, ९० किलोमीटर, आणि तीही एका वेळी एकाच महिन्याची. कारण काय तर या गोळीनं पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून रक्त तपासून द्यावी लागते. बरोबर आहे, तपासलंच पाहिजे. पण सीबीसीचं, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायचं, मशीन ग्रामीण रुग्णालयात आहे, माझ्या बहिणीचं रक्त आजवर तिथंच तपासलं गेलं. तिथं रक्त तपासा, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर जिल्ह्याच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तिथंच गोळी द्या. यादी व्हॉट्सअॅपवर जाऊ शकते तर रिपोर्ट का नाही?

मजुरीवर जगणाऱ्या घरात ९० किलोमीटर जायचं-यायचं म्हणजे अख्खा दिवस, सोबतच्याची रोजी बुडाली, आणि ज्याला प्रवासानं, उन्हानं, पाणी कमी पडल्यानं क्रायसिस येतो त्यालाच तुम्ही दर महिन्याला बसमध्ये बसवताय. आमच्या गावात एसएसची पाच पोरं आहेत. या निर्णयानंतर त्यातल्या दोघांची गोळी बंद पडली, त्यांच्या घरचे म्हणाले परवडत नाही. ही गोळी दुखणं थांबवायची गोळी नाही की दुखलं तर घेतली. ती रोज घ्यावी लागते, तेव्हा हळूहळू गर्भातलं हिमोग्लोबिन अंगात वाढतं आणि ते दोरे बनू देत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या गोळीनं क्रायसिस जवळपास निम्म्यावर आले होते. तीस वर्षं होऊन गेली त्याला. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेनं जी जीन थेरपी मंजूर केली तिचीही मूळ कल्पना हीच, बीसीएल११ए नावाचा जीन दाबून गर्भातलं हिमोग्लोबिन परत चालू करायचं. ती आमच्या आवाक्यात कधी येईल तेव्हा येईल, मी ती मागत नाही. मी कॅप्सूल मागतोय.

एक डॉक्टर मला म्हणाले, आपल्या भारतातला सिकल सौम्य असतो, एवढं घाबरू नका. हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय आणि त्यावर मला बोलायचंच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पेशंटमध्ये सिकलच्या जीनच्या आजूबाजूचा जो अक्षरांचा साचा असतो त्याला अरब-इंडियन म्हणतात, आणि त्या साच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून सरासरी आजार सौम्य, हे खरं. पण सरासरी माझ्या बहिणीच्या अंगात राहत नाही. त्याच साच्याची दोन माणसं घ्या, एकाकडे अल्फा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या जीनमधला) बदल असेल, एकाकडे नसेल, बीसीएल११ए मधला फरक वेगळा असेल, एकाला पोटभर खायला असेल, एकाला नसेल, एकाला वर्षात दोनदा अॅडमिट व्हावं लागतं आणि एकाला दहा वर्षांत कधीच नाही. आमच्याच गावात एक काका ५० च्या पुढचे एसएस आहेत आणि शेती करतात. म्हणून तर प्रत्येक पेशंटला वेगळं बघायला हवं, नियमित बघायला हवं, जवळ बघायला हवं. सौम्य म्हणून सोडून देणं हे त्या शास्त्राच्या बरोबर उलट आहे.

१ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः आमच्या वस्तीत लोकांना शिबिराला घेऊन गेलो होतो. आता त्याच लोकांसमोर मी तोंड वर करून बोलू शकत नाही. निर्मूलन हा शब्द माझ्या बहिणीनं पोस्टरवर वाचला तेव्हा तिनं मला विचारलं, "दादा, कोणाचं निर्मूलन?" मी म्हटलं आजाराचं. ती म्हणाली, मग आम्हाला गोळ्या का नाही देत. मला उत्तर देता आलं नाही, तुम्ही द्याल का?

दोन वाहकांनी लग्न केलं तर काय, हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. आमच्याच घरात झालंय. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, आणि प्रत्येक वेळी नव्यानं, चारात एक म्हणजे एक झालं की बाकीचे सुटले असं नसतं. हे लग्नाआधी दोघांना कळायलाच हवं. पण ते त्या दोघांना कळायला हवं, खोलीत बसवून, समजेल अशा भाषेत, गोंडी बोलणाऱ्याला गोंडीत, माडिया बोलणाऱ्याला माडियात. त्यांना हेही कळायला हवं की गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते आणि कायदा त्याला परवानगी देतो, फक्त ती कुठं होते, कोण नेणार, खर्च कोणाचा, हे आजवर आमच्या तालुक्यात एकाही जोडप्याला कोणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. काय ठरवायचं ते मग ती दोघं ठरवतील.

अपंगत्वाचं थोडक्यात सांगतो कारण ते तुमच्या हातात नाही, पण मुंबई-दिल्लीचे लोक वाचत असतील तर त्यांच्यासाठी. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, पण नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. असे फॉर्म मी रोज भरतो, आणि त्या पानावर येऊन किती पोरं परत जातात ते मी बघतो.

तर आमच्या मागण्या अशा आहेत:

१. ती यादी सगळ्या ग्रामपंचायतींकडून लेखी पत्र काढून परत घ्या, ग्रुपवरून डिलीट करायला सांगा, आणि ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांना समज द्या. यापुढे रिपोर्ट फक्त ज्याचा त्याला, बंद पाकिटात.

२. यादी वाटणं चुकलं, वाहक असणं म्हणजे आजारी असणं नाही, आणि एका बाजूचा एचपीएलसीचा रिपोर्ट स्वच्छ एए असेल तर पोरांना सिकलसेलचा आजार होत नाही, हे तुमच्या सहीनं, तुमच्या शिक्क्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. लोक शिक्का मानतात, हे मी मामाबरोबर जाऊन बघून आलोय.

३. सोल्युबिलिटीत पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची एचपीएलसी करा, आणि रिपोर्ट हातात देताना समजावून सांगणारा माणूस समोर असू द्या.

४. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिड ग्रामीण रुग्णालयात पहिल्यासारखं चालू करा, तब्येत स्थिर असेल त्याला दोन-तीन महिन्यांचं एकदम द्या. लहान पोरांना न्यूमोकोकलची लस आणि पेनिसिलिन चुकू देऊ नका.

५. सिकलच्या लेकराला ताप आला तर थांबवून ठेवायचं नाही, हे पीएचसीच्या प्रत्येक माणसाला सांगा. केसपेपरच्या रांगेतही नाही.

हे पत्र मी तुमच्या ऑफिसला टपालानं पाठवलंय आणि इथंही टाकतोय, कारण यादी सगळ्यांनी वाचली तर पत्रही सगळ्यांनी वाचावं. माझं आणि बहिणीचं नाव लिहीत नाही, बहिणीनं तसं सांगितलंय. टपालाच्या प्रतीवर माझं नाव आणि नंबर आहे, तुमच्या यादीत तर आहेच.

भेटायला बोलवा. मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो, तो दिवस सोडून कधीही, मी आणि मामा येतो. बहिणीला आणणार नाही, तिची परीक्षा चालू आहे आणि घरात तिच्या सतराच कॅप्सूल उरल्या आहेत, त्या संपायच्या आत मला तसंही जिल्ह्याला यायचंच आहे.

आपला,
एका एसएस मुलीचा भाऊ